चपला मोजणारीचं गाणं

आमचं गाणं साडेतीन मिनिटांचं, पण त्याचे किस्से सांगायला बसलो की चहा दोनदा गरम करावा लागतो! आम्ही तिघंच. कामठ्याची सरिता गाते, एरवी दिवसभर ब्लाउज शिवते. शाळेतले टेंभरे सर गिटार वाजवतात. आणि मी मंगेश, लग्नाचे व्हिडिओ काढणारा. बिरसीतल्या माझ्या घराची मागची खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. सरिताचं पहिलं गाणं तिथंच झालं.

*

गाणं सुचलं ते एका बड्डे पार्टीमुळे. गोंदियात, लॉनवर, शिलाईच्या गिऱ्हाईक बाईंच्या मुलीचा बड्डे. सरिता नवा पिवळा ड्रेस घालून गेली. ओळखीचं कुणी नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला मोजत पाण्याच्या जारजवळ उभी राहिली. एका पाहुणीनं तिच्या हातात उष्टी प्लेट दिली. हिनं घेतली! दुसरीनं विचारलं, "दीदी, पापड खतम हो गए क्या?"

"मग?" सरांनी विचारलं.

"मग काय, आणून देल्ले पापड! तेवढीच एक माह्याशी बोलली ना जी."

आम्ही हसलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी ओळ घेऊन आली, 'सारे नाचून राहिले, मी चपला मोजून राहिली.'

*

बिरसीला विमानतळ आहे, तिथं पायलट तयार होतात. सरिता वरच्या सुरात गेली, की डोक्यावरून घर्रर्र! सात टेक वाया गेले. मी हेडफोन आपटला.

सर शांतपणे तार पिळत म्हणाले, "राहू दे मंगेश. तो बी शिकून राहिला, आपण बी शिकून राहिलो!"

*

सरिताच्या भावाचं म्हणणं, गाणं हिंदीत करा, गोंदियात हिंदीच चालते. तिनं एकदा गाऊन पाहिलं. छान झालं होतं, खरं सांगतो.

तिनं ऐकलं आणि म्हणाली, "पुसून टाक. हिंदीत मी लय हुशार वाटते."

*

व्हिडिओसाठी नवं शूटिंग नको म्हणाली. "तुह्याजवळ साऱ्या कामठ्याची लग्नं हायेत. त्यातच असंन मी कुठंतरी."

दोन दिवस शोधलं. वराती, हळदी, पंगती. एका फ्रेमच्या कडेला तिचं कोपर सापडलं, दुसरीकडे ओढणीचं टोक. बस्स.

"आणि तू कुठं हायेस यात?" तिनं विचारलं.

"मी कॅमेऱ्यामागं."

"सोपं हाये बा तुले!"

त्या आठवड्यात एका लग्नात मी पहिल्यांदाच कॅमेरा खाली ठेवला आणि पंगतीत बसलो. सकाळपासून ज्यांचं मी शूटिंग करत होतो, ते नवरदेवाचे मामा शेजारी बसले आणि म्हणाले, "तुम्ही पोरीकडचे का जी?"

*

तिनं आईला गाणं ऐकवलं ते धानाच्या बांधीत, रोवणी चालू असताना. आईचे हात चिखलाचे, म्हणून सरितानं फोन तिच्या कानाशी धरला. आईनं वाकल्या वाकल्या पूर्ण गाणं ऐकलं.

"पार्टीत बोलत नाहीस, ते समजलं. घरी काऊन बोलत नाहीस व?"

 

*

गाणं आलं. फार कुणी ऐकलं, असं नाही. पण एका दुपारी दारात एक बाई उभी. दरेकशाहून रेल्वेनं आलेली, जंगलात रोपं लावायच्या कामावर जाणारी.

"ते गाणं म्हणणारी बाई अठीच भेटते का जी?"

मी फोन करून सरिताला आणि सरांना बोलावून घेतलं. दोघी समोरासमोर बसल्या. मी चहा आणून ठेवला. एकीनं चहा घेतला, मग दुसरीनं. कुणीच बोलेना! मला अवघडल्यासारखं झालं. सर काहीतरी विचारायला गेले, तर सरितानं हातानंच थांबवलं. पंखा फिरत होता. असा तास गेला.

मग बाई उठली, पदर सारखा केला, सरिताचा हात धरला.

"लय बरं वाटलं," ती म्हणाली. "लय दिवसांनी कोणासंग एवढं बोलली."