मागच्या सीटचा गिअर

सुभेदार भाऊजींची गाडी निघाली की अख्ख्या आळीला कळायचं. इंजिनापेक्षा त्यांचाच आवाज मोठा. "मालन, पयला टाक!" असं ते ओरडायचे आणि मागच्या सीटवरून त्यांच्या पत्नी मालनताई खटकन गिअरचा दांडा ओढायच्या. "टाकला! सोडा क्लच!" मग ती तीनचाकी मोटारसायकल वडूजच्या बाजाराकडे वळायची आणि मी शेजारच्या ओट्यावर गहू निवडत जळत बसायचे.

भाऊजी फौजेतून निवृत्त झालेले. साखरेच्या आजारात डावं पाऊल गेलं, तरी घरात बसणं त्यांना मान्य नव्हतं. जुन्या मोटारसायकलला मागे दोन चाकं करून घ्यायचं ठरलं, तेव्हा मेकॅनिकने दोन वाटा सांगितल्या. सेमी-ऑटोमॅटिक केली तर क्लचची कटकट नाही. अंगठ्याने बटण दाबलं की गिअर पडतो, माणूस एकटा कुठंही जाऊ शकतो. मॅन्युअल ठेवली तर पायाच्या गिअरला हाताचा दांडा बसवावा लागेल. पण डावा हात क्लचवर, उजवा रेसवर. मग दांडा ओढणार कोण?

"मागं बसंल ती," भाऊजी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. आमच्या ह्यांनी तर किती समजावलं. "बटनावर चालायला मी काय लिफ्टात बसलोय व्हय?" एवढंच भाऊजी म्हणायचे. खरं कारण त्यांनी एकदा मला सांगितलं. "वैनी, सारी नोकरी मी तिकडं सरहद्दीवर आन ही हितं. आता कुठं चल म्हनलं की म्हनती, मी येऊन काय करू? म्हनून गाडीच अशी केली. हिच्याबिगर हलायचीच न्हाई."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एकदा औंधच्या चढावर आम्ही बसलेली भाड्याची जीप त्यांच्या मागेच होती. मालनताईंनी पहिल्याऐवजी भलताच गिअर टाकला, गाडी आचके देत बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट. आता भाऊजी चिडणार म्हणून मी कान टवकारले. खोटं कशाला बोलू, त्यांनी चिडावं असं मला मनापासून वाटत होतं. ते मान वळवून म्हणाले, "गाडी बंद पडलीया, आपन न्हाई. घे दम." वर मालनताईच डाफरल्या, "जरा आधी सांगायचं! लय घाई तुमाला!" आणि दोघंही हसत सुटली. माझं घर मोठं, साड्या त्यांच्यापेक्षा जास्त. पण नवऱ्यावर असं चारचौघांत डाफरायला हातात काही काम तर हवं!

आमचे हे वाईट मुळीच नाहीत. भाजीपासून बांगड्यांपर्यंत सगळं स्वतः आणतात. बायका मला नशीबवान म्हणतात.

यंदा भाऊजी मुलाकडे सांगलीला राहायला निघाले. तिथल्या इमारतीत तीनचाकी लावायला जागा नव्हती. गुडघ्यांमुळे ह्यांना स्कूटर झेपत नाही हे ठाऊक असल्याने भाऊजी गाडी घेऊन आमच्याच दारात आले. "तुमीच घ्या. वैनी, बसा मागं. मालन दावंल."

मी बसले. मालनताईंनी माझा हात दांड्यावर ठेवून पहिला दाखवला, दुसरा दाखवला. दांडा खटकन बसला आणि मला हसूच आवरेना.

हे गाडीभोवती एक फेरी मारून आले. माझ्याकडे मायेने बघत म्हणाले, "गाडी झ्याक हाय. सेमी-ऑटोमॅटिक करून घेतो. तुला मागं बसून ताप नगं."

भाऊजींनी मान खाली घातली. मी उतरले. "आपल्याला नको ही गाडी," मी म्हणाले.

ह्यांना वाटलं, मी खर्चाला भ्याले.