चौघींची फुगडी

लेकीच्या पहिल्या मंगळागौरीला चौघींची फुगडी घालायचीच, हा माझ्या थोरल्या जाऊबाईंचा हट्ट. गुडघा कुरकुरत होता, तरी गच्चीवर सराव सुरू झाला. जाऊबाई, नणंद आणि शेजारच्या दोघी, चारही जणी एकदम हात धरायला धावल्या. हातांचा गुंता झाला आणि जाऊबाई धपकन खाली बसल्या.

“राहू दे बाई, माझं वय झालं,” त्या म्हणाल्या. चेहरा एवढासा झाला होता.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मला रक्तातलं हिमोग्लोबिन आठवलं. चार साखळ्यांचं ते प्रथिन, पण चौघी एकदम जमत नाहीत. आधी दोन-दोनच्या जोड्या लागतात, मग जोडीत जोडी बसते. आणि मग गंमत अशी, की एकीने प्राणवायू धरला की बाकीच्यांना तो धरणं सोपं जातं. एकटी साखळी प्राणवायू धरून ठेवते, पण गरज असेल तिथे सहज सोडत नाही. ते शहाणपण संगतीनेच येतं.

“आधी जोड्या करा,” मी म्हटलं. जाऊबाईंसमोर दणकट नणंदेला उभं केलं. त्या दोघींनी हात धरले की त्यांच्या हातांवरून शेजारणींनी धरायचे, असं ठरवलं. “वहिनी, तुमच्या रक्तात हेच चाललंय.”

“ते गुडघ्याला सांग,” म्हणत त्या उठल्या.

पहिलं पाऊल नणंदेने टाकलं, मग बाकीची आपोआप पडली. पाच फेऱ्या झाल्या.

“सोडू का हात?” नणंदेने विचारलं.

“खबरदार,” जाऊबाई धापा टाकत म्हणाल्या, “मंगळवारपर्यंत सोडायचा नाही.”