सावलीतलं अंजीर

आमच्या धाकटीला घरात सगळे गांडूळ म्हणतात. लहानपणापासून तिचे हात मातीतच. कायमची नोकरी सोडून तिनं रोपवाटिका काढली, तेव्हा तिच्या बाबांनी पेपरात डोकं घातलं आणि काळजीचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं.

पहिलं मोठं काम मिळालं ते एका छापखान्याच्या मागच्या अंगणाचं. तीन बाजूंनी उंच भिंती, चौथ्या बाजूला यंत्रांची खोली आणि खाली चिकण माती. चप्पल रुतली तर हातानं ओढून काढावी लागायची. मालकांना तिथे अंजीर हवं होतं. ते फळलं तर शेजारच्या त्यांच्याच नव्या इमारतीची सगळी बाग तिच्याकडे येणार होती. नाही फळलं तर रोपवाटिका किती तग धरेल, हे आम्ही घरात मोठ्यानं बोलत नव्हतो.

मालकांनी स्वतःच छापलेलं कॅलेंडर पुढे केलं. जांभळी, मुठीएवढी अंजिरं.

“हीच जात पाहिजे.”

“काका, चित्राला ऊन लागत नाही,” ही म्हणाली. “झाडाला लागतं.”

मी तिचा डबा घेऊन दारात उभी होते. तिथूनच तिला डोळे वटारले.

मग तिनं छपाईत बिघडलेले मोठाले कागद मागून घेतले आणि अंगणभर अंथरले. ऊन पडेल तिथे त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. ते सरकलं की पुन्हा. यंत्रावरची माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

“ताई, उन्हाचं माप कशाला? सदरा शिवायचाय का त्याला?”

“शिवते की, कापड पुरलं तर.”

कापड फारच थोडं निघालं. पांढऱ्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात सकाळचं ऊन, बाकी सगळी सावली. खड्डा करून बादलीभर पाणी ओतलं, तर ते दुसऱ्या दिवशीही तसंच उभं.

तिनं निवडली ती हिरवट, सुपारीहून जराशी मोठी फळं देणारी जात. लहान फळ थोड्या उन्हातही लवकर पिकतं. शिवाय या जातीच्या फळाच्या बुडाचं तोंड घट्ट मिटलेलं असतं, म्हणून ओलसर जागी आत पाणी शिरून ते आंबत नाही. खोल खड्डा तिनं घेतलाच नाही. वरची माती मोकळी केली, पानांचं खत मिसळून गुडघाभर उंचवटा रचला आणि त्यावर, भिंतीच्या उबेला, रोप लावलं.

“लोक खड्डा खणतात, तू डोंगर रचतेस,” मालक म्हणाले. “आणि फळ म्हणे सुपारीएवढं. पाहुण्यांना चष्मे वाटू का?”

त्यांनी दुसरीकडून जांभळ्या अंजिराचं झाड आणवलं आणि समोरच्या कोपऱ्यात खोल खड्ड्यात, भुसभुशीत माती भरून लावलं.

“अगं, गिऱ्हाईक मागतं ते द्यावं,” मी घरी म्हटलं.

“आणि झाड मेलं की त्यांच्या दारावरून तोंड लपवून जावं?”

पाऊस लागला तसा त्या खड्ड्याचा हौद झाला. भोवतीची चिकण माती पाणी सोडेना. पानं पिवळी पडून गळू लागली. मी म्हटलं, बरी जिरली. लेक फावडं घेऊन गेली. ते झाड उपसलं, कुजलेली मुळं छाटली आणि छापखान्याच्या गच्चीवर, भरपूर उन्हात, पिंपात लावून आली.

“झाडाचं काय चुकलं?” एवढंच म्हणाली.

पुढच्या वर्षी उंचवट्यावरचं झाड लगडलं. मालकांनी मलाही बोलावलं. एक हिरवं अंजीर तोंडात टाकलं, मग दुसरं, आणि तिसरं तोडता तोडता हिला म्हणाले, “नव्या इमारतीमागे अशी रांगच लाव.”

“नको काका. मी दिवसभर बसून आलेय तिथे. ऊन येतच नाही. अंजीर जगेल, पण फळणार नाही.”

तिला चिमटा काढायला माझा हात पुढे गेलाच होता. मालक माझ्याकडे वळले.

“वहिनी, ही धंदा कसा करणार हो?”

“असाच,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

मालक हसले. “बरं. मग तिथे काय लावायचं ते तूच ठरव. सगळी बाग तुझी.”

मी काही बोलायच्या आत ही नव्या इमारतीकडे निघालीसुद्धा.