पांढरी पावलं आणि ग्वारीघाटचा नावाडी

देव ज्याला जवळ बोलावतो त्याला आधी दुखणं धाडतो, असं जाणती माणसं सांगतात. मला ते बोलावणं लढाईच्या दिवसांत, जबलपूरच्या कारखान्यात आलं. तोफगोळ्याचं कवच डाव्या बाकावरून उचलून उजव्या बाकावर ठेवताना कंबरेत सुरी खुपसल्यासारखी कळ आली. त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते देवाचं नाव नव्हतं.

लढाई लागल्यावर वेळ वाचावा म्हणून फोरमनसाहेबांनी प्रत्येकाच्या जागेवर पांढऱ्या रंगाने दोन पावलं काढून घेतली होती. त्यांवर उभं राहायचं, पाय हलवायचे नाहीत, कंबरेतून वळायचं. विश्वकर्मा पूजेला आम्ही यंत्रांबरोबर त्या पावलांनाही हळदकुंकू वाहिलं आणि त्यांच्या पादुका झाल्या. ड्यूटी सुरू होताना लोक वाकून त्यांना हात लावत आणि मग बुटांसकट त्यांवर उभे राहत. मीही राहायचो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कळ पायात उतरते का, पाय बधिर होतो का, ताप येतो का, लघवीला जळजळ होते का. सगळ्याला नाही म्हटल्यावर ते जरा निराश दिसले. "मग मणका नसावा, मुतखडाही नसावा. स्नायू दुखावलाय. आठ दिवस आराम करा. नंतर माझ्यासमोर कवच उचलून दाखवायचं. नाही जमलं तर अनफिट लिहावं लागेल." मी लढाईपुरता घेतलेला हंगामी माणूस. अनफिट म्हणजे घरी, आणि घर म्हणजे चेरीतालच्या भाड्याच्या दोन खोल्या, बायको आणि दोन मुली.

त्या आठ दिवसांत कळलं की पाठ एकाची दुखते आणि कारण सगळ्यांना ठाऊक असतं. शेजारच्या मिश्राजींच्या मते वायू. दीक्षितपुऱ्यात राहणाऱ्या, बायकोच्या मामांच्या मते शनी. मामा तर माझी कुंडली न बघताच बोलले, वेळ वाचतो म्हणून. मी ओवा खाल्ला, तेल वाहिलं, मिरच्या उतरवून घेतल्या. माझा कशावरच विश्वास नव्हता, पण अविश्वासावर भाडं भरता येत नाही.

सातव्या दिवशी कुसुमने, म्हणजे बायकोने, मुलींसकट नर्मदेवर ग्वारीघाटला नेलं. मी तिच्या हातातल्या नारळाकडे बघत होतो.

"काहून हसून राहिले?" ती म्हणाली. "नर्मदामैयाला नवस बोलली आहे मी."

"हसत नाही. नारळ फोडायला वाकायचं कोणी, ते बघतो आहे."

"तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा. मैयाला तेवढंही पुष्कळ आहे."

नारळ मधल्या धारेत सोडायचा म्हणून नाव ठरवली. धाकटीला पायरीवरून उचललं, जागच्या जागी वळून नावेत ठेवायला गेलो आणि तीच कळ आली. म्हाताऱ्या नावाड्याने मुलीला वरच्या वर झेललं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वल्हं उलटं धरलं होतं.

"अरे बाबूजी, पाँव तो घुमाओ. बोझा लेके कमर नईं मरोड़ी जात. कमर है, कुएँ की गिर्री नईं."

मी तिथेच मटकन बसलो. ओझं घेऊन पाय फिरवायचे, कंबर नव्हे; ती काही विहिरीची कप्पी नाही. इतक्या कारणांमध्ये माझ्या पायांकडे कोणीच पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले. कळ हे त्याचं एक कारण होतं, एकमेव नव्हे. नारळ सोडताना मी पहिल्यांदाच मनापासून हात जोडले.

आठव्या दिवशी डॉक्टर आणि फोरमनसाहेब दोघंही उभे होते. कवच पोटाशी धरलं, मनात मैया म्हटलं आणि पांढऱ्या पावलांवरून पाय उचलला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "अरे भाऊ, पादुका सोडल्या." मी पावलं फिरवून उजव्या बाकाकडे वळलो आणि कवच ठेवलं. कळ आली नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, डॉक्टरांनी फिट लिहिलं.

नावाड्याला मैयाने माझ्यासाठी ठेवलं होतं की तो रोज तिथेच असतो, हे मी ठरवत बसलो नाही. शरण जायचं म्हणजे एका जागी घट्ट उभं राहायचं, असं मी समजत होतो. आपणच हळदकुंकू वाहिलेल्या जागेवरूनही पाय उचलावा लागतो, एवढं मात्र मला कळलं.

पुढच्या रविवारी नावाड्याला नारळ द्यायला गेलो. तो नावेत पालथा पडला होता आणि त्याची बायको गरम विटेने त्याची कंबर शेकत होती.