चौकीवरचं बाकडं

दारात पोलीस दिसला तेव्हा माझ्या मनात एकच आलं, शकू पुन्हा हरवली. "अकोल्याच्या मुलीचं काही आहे का?" मी विचारलं. शिपायानं सायकल भिंतीला टेकवली. म्हणाला, "पोरगी बरी आहे बाई. तिची माय गेली सकाळी." अकोल्याच्या चौकीवरून अमरावतीला फोन आला होता. नातेवाइकांची तार दुपारी आली, तोवर मी बॅग भरून बसले होते. शकूच्या आईची, द्वारकाची बातमी आधी पोलिसांकडूनच कळायची होती... तिचा अर्धा गोतावळा खाकीतला होता.

आम्ही दोघी अमरावतीच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये एका खोलीत राहायचो. तेव्हाची द्वारका म्हणजे हसायला लागली की वसतिगृहाच्या बाईंनी येऊन दटावावं अशी. लग्न होऊन ती अकोल्याला गेली, शकू झाली, आणि शकू पायावर उभी राहते न राहते तोच नवरा टायफॉइडनं गेला. नगरपालिकेच्या शाळेत नोकरी करून तिनं पोरीला वाढवलं. शकू देखणी, पण कोणाकडे बघायची नाही. तासन्‌तास फुलपात्र जमिनीवर गरगर फिरवत बसायची. काही विचारलं की तेच शब्द आपल्याला परत करायची, आणि मोठा आवाज झाला की कानांवर हात दाबून घ्यायची. नागपूरच्या डॉक्टरांनी मंदबुद्धी म्हटलं, वैद्यांनी ब्राह्मी दिली, सासरच्यांनी करणी काढली. अशा मुलांना काही वेगळं नाव आहे की काय, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. मला ते अजूनही ठाऊक नाही.

माझ्या भाचीच्या लग्नाला दोघी अमरावतीला आल्या होत्या. वरातीचा बँड सुरू झाला आणि शकू कान दाबून जी पळाली, ती गर्दीत दिसेनाशी झाली. बाजारातल्या एका चौकीवर तिला नेण्यात आलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जमादारानं विचारलं, "तुहं नाव काय?" शकू म्हणाली, "तुहं नाव काय?" त्यानं आवाज चढवला, तिनंही चढवला. मान वर करायला ती तयार नाही. आता पोलिसांच्या हिशेबी नजर चोरतो तो चोर, आणि प्रश्न परत करतो तो मुरलेला चोर. त्यानं तिच्या थोबाडीत मारली.

संध्याकाळी आम्ही त्याच चौकीच्या पायऱ्या चढलो. द्वारकानं विचारलं, न बोलणारी एखादी मुलगी आणली आहे का? जमादार म्हणाला, "तशी नाही बाई. एक आणली होती, पण ते त लय बोलते. उलटून बोलते." आम्ही खाली उतरलो. तो खोटं बोलला नव्हता आणि द्वारकाही नाही, आणि तेवढ्यावरून शकू अनाथ मुलांच्या आश्रमात गेली.

तिथल्या संचालिकाबाई दुष्ट नव्हत्या. हट्टी मुलांना वळण लावायचं एवढंच त्यांना ठाऊक होतं. "नाव सांग, मग जेवण," त्या म्हणायच्या. शकू म्हणायची, "नाव सांग, मग जेवण." ताट उचललं जायचं. शोधत शोधत आम्ही तिथवर पोचलो, तेव्हा तिचा फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. पुढे कित्येक वर्षं घरी ताट वाढलं की ती आधी ते वाक्य म्हणायची. मग द्वारका शांतपणे "शकुंतला" म्हणायची, आणि त्यानंतर पोरगी घासाला हात लावायची. मला त्यांच्या पंगतीला बसवत नसे.

द्वारका त्या जमादाराशी भांडायला गेली नाही, याचा मला तेव्हा राग आला होता. त्या संक्रांतीला तिनं डबाभर तिळगूळ केला आणि शकूला घेऊन अकोल्याच्या आपल्या भागातल्या चौकीवर गेली. मी म्हटलं, हा काय खुळेपणा? तर म्हणाली, "हळदीकुंकवाले मले कोन बोलावते? माह्यं वाण इथंच." विधवेचं वाण पोलीस चौकीत! प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवून ती म्हणायची, गोड बोला, आणि हिच्याशी तर हळूच बोला. नाव विचारू नका. धरू नका, हातभर अंतर ठेवून बसा. ती तुमचाच प्रश्न तुम्हाला देईल, तो उर्मटपणा नव्हे. फौजदार बदलून आला की संक्रांतीची वाट न पाहता ती पुन्हा जायची. एक साहेब खेकसला की ही चौकी आहे, बालवाडी नाही. द्वारका दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

शकूलाही ती शिकवत होती. चौकीतल्या बाकड्यावर बसवायची, "इथंच बस, आई येते" म्हणायची आणि बाजारात निघून जायची. परत आली की दारातून म्हणायची, "आई आली." तेव्हाच शकू उठायची. आई दिसेनाशी झाली की बाकड्यावर जायचं, हे तिच्या अंगात मुरायला वर्षं लागली. मग एका जत्रेत ती सुटली आणि आपली आपण चौकीवर येऊन बसली. कोणी तिला हात लावला नाही, नाव विचारलं नाही. त्या दिवशी द्वारका माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "आता मी मेली तरी चालते."

मार्गशीर्षात ती गेली. तिचा धाकटा भाऊ बायकोसह तिच्या घरी राहायला आला आहे. माणूस वाईट नाही, पण शकूला कुठल्यातरी आश्रमात ठेवावं असं त्याचं चाललं आहे. आश्रम म्हटलं की मला ते उचललेलं ताट दिसतं.

संक्रांतीला मी तिळगुळाचा डबा घेऊन त्या चौकीवर गेले. शकू बाकड्यावर होती. तिथले एक म्हातारे हवालदार मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, "बाई, रोज येते. रात्री मामा येऊन नेते. पयल्या दिवशी मीच चुकलो. उठत नव्हती म्हून म्हटलं, आई आली. लगेच उठली. घरी गेली, साऱ्या खोल्या पाह्यल्या, अन् परत येऊन बसली. आता ते बोलनं माह्या तोंडून निघत नाई." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "धरून उठवू म्हटलं, त मास्तरीनबाईनं धरू नका सांगितलं आहे."

मी आत गेले आणि हातभर अंतर सोडून बाकड्यावर बसले. तिळगूळ मध्ये ठेवला. शकूनं माझ्याकडे पाहिलं नाही. अगदी द्वारकाच्या आवाजात ती म्हणाली, "इथंच बस, आई येते."