आठशे सत्तरचा फोन

दुकान तसं नावालाच दुकान होतं. पुढे काचेचं काउंटर, त्यात चार्जर, कव्हरं, इअरफोनच्या पुड्या. आणि मागे जुन्या टेलिफोन बूथची केबिन, जिचं दार उभ्या जन्मात कधी नीट लागलं नाही. बूथचे दिवस सरले तेव्हा बाकीच्यांनी आपापल्या केबिनी भंगारात घातल्या. या गृहस्थांनी ठेवली. आत रिकामे खोके भरले, पण तिच्या मागच्या काचेवर चिकटवलेला जगाचा नकाशा तसाच राहू दिला. प्रत्येक देशावर त्या देशाचा फोनचा कोड, जाड मार्करने, स्वतःच्या अक्षरात. लोक त्यांना कोडकाका म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि काकांना ते आवडायचं.

बूथच्या काळात त्यांची एक ऐट होती. फोन वाजला की यंत्राच्या बारक्या पडद्यावर आकडे उमटायचे, आणि रिसीव्हर उचलायच्या आत काका देश सांगून मोकळे. "एक्क्याऐंशी. जपान. चला टेलरबाई, तुमचा भाऊ." समोर शिलाईचं दुकान चालवणाऱ्या टेलरबाई मशीन सोडून धावत यायच्या आणि रिसीव्हरमधून खरोखर भावाचाच आवाज यायचा. लोक तोंडात बोटं घालायचे. काका मात्र चेहरा असा ठेवायचे की जणू यात काही विशेष नाहीच.

पुढे फोन ज्याच्या त्याच्या खिशात गेला, पण काकांची मास्तरकी काही सुटली नाही. बँकेचा मेसेज घेऊन कुणी आलं की हे सुरू: "तीन अक्षरं दिसतात ना, त्यातली पहिली दोन देशाची, तिसरं त्याच्या पैशाचं. जे पी वाय. जे पी म्हणजे जपान, वाय म्हणजे येन. इंटरनेटच्या पत्त्यालाही हीच शेपटी, डॉट जे पी. आणि फोनला एक्क्याऐंशी. देश एक, खुणा तीन." माणूस बिचारा रिचार्ज करायला आलेला असायचा. पण ऐकून घ्यायचा, कारण काकांनी गल्लीला एकदा नव्हे, कितीदा तरी वाचवलं होतं.

ते असं. मध्यंतरी परदेशी नंबरांवरून भामट्यांचे फोन सुरू झाले. एक घंटी वाजवून बंद. आपण भोळेपणाने उलटा फोन लावला की शिल्लक साफ. लोक घाबरून फोन घेऊन दुकानात येत. "काका, हा कुणाचा?" काका चष्मा कपाळावरून खाली ओढत. "एकोणचाळीस. इटली. आहे कुणी तिकडे तुमचं?"

"आमचं कोण असणार इटलीत?"

"मग कापा. ज्या देशात आपलं माणूस नाही, त्या देशाचा फोन आपला नाही."

हे वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं. टेलरबाई तर गिऱ्हाइकांनाही ऐकवायच्या.

आता पोराचं सांगायला हवं. काकांना एकुलता एक मुलगा. लहानपणी शाळा सुटली की थेट बूथवर. गिऱ्हाईक नसलं की बापलेकांचा खेळ चालायचा. काका कोड बोलणार, पोरगा नकाशावर देश दाखवणार. काकू म्हणायच्या, "अहो, त्याला जरा पाढेही शिकवा." पण खेळ काही थांबला नाही, आणि नकाशा बघून बघून पोराच्या डोक्यात एकच किडा शिरला, हे सगळं डोळ्यांनी बघायचं. तो स्वयंपाक शिकला आणि मालवाहू जहाजावर कुक म्हणून लागला. नातेवाईक म्हणाले, एकुलत्या एकाला समुद्रावर धाडता? काका म्हणाले, "कुठेही असला तरी कोडवरून कळेल मला." केवढी ती खात्री.

जहाज बंदराला लागलं की पोरगा तिथलं कार्ड घेऊन फोन करायचा. पहिला शब्द ठरलेला: "ओळखा!" आणि आकडे आधीच बघून बसलेले काका लगेच, "पासष्ट. सिंगापूर." पोरगा हसायचा. "बाबा, तुम्हाला हरवता येणारच नाही का कधी?" मग फोन काकूंकडे. त्यांचाही प्रश्न ठरलेला. "सगळ्यांना वाढतोस, तू जेवलास का रे?"

शेवटच्या सफरीला निघताना त्याने वाटेतल्या बंदरांची नावं सांगितली. काकांनी त्या देशांचे कोड कागदावर लिहून काउंटरला आतून चिकटवले. पोरगा म्हणाला, "मध्ये बरेच दिवस नुसता समुद्र आहे. फोन येणार नाही, काळजी करत बसू नका." चिकटवलेल्यातला पहिला कोड आला, दुसरा आला. तिसऱ्याची तारीख टळून गेली आणि तो येईना.

काकांनी आधी मनाची समजूत घातली, समुद्राचं काय, एखादा आठवडा इकडेतिकडे. पण हळूहळू त्यांचं कामातलं लक्ष उडालं. गिऱ्हाइकाला चुकीचं कव्हर देऊ लागले. फोन सतत काउंटरवर उताणा, चार्जिंगला लावलेला. कुणी ओळखीच्याने सहज फोन केला तर हे खेकसायचे, "लाइन अडवू नका हो." पोराचा फोन यायला हवा, आणि यायच्या वेळी लाइन मोकळी हवी. दुसरं काही त्यांना सुचत नव्हतं.

असं असताना एका दुपारी फोन वाजला. दुकानात टेलरबाई होत्या, आणखी दोघं-तिघं रिचार्जवाले होते, आणि काकू वरच्या घरातून चहा घेऊन आल्या होत्या. काकांनी झडप घालून फोन उचलला आणि पडद्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आठशे सत्तर?"

त्यांनी वळून नकाशाकडे बघितलं. खरं तर बघायची गरज नव्हती. "आठशे छप्पन लाओस. आठशे ऐंशी बांगलादेश. मध्ये आठशे सत्तर असा देशच नाही."

"मग कोण हो?" टेलरबाईंनी विचारलं.

"चोर, दुसरं कोण? आता देशही खोटे बनवायला लागले मेले." आणि काकांनी फोन कापला.

तो पुन्हा वाजला. तोच नंबर. काकू कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "उचलून तर बघा."

"तुला यातलं काय कळतंय? मी यांच्याशी बोलत बसू आणि नेमका तेव्हा पोराचा लागला म्हणजे?"

काकूंनी कप पुढे सरकवला. फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला, तशी काकांना स्फूर्ती आली. दुकानातल्या सगळ्यांना त्यांनी जवळ बोलावलं. "या, बघून ठेवा. चोर असा पिच्छा पुरवायला लागला की काय करायचं? हे इथे दाबायचं, मग हे. ब्लॉक. झाला गप्प." टेलरबाई म्हणाल्या, "मला परत दाखवा, माझ्या लक्षात राहत नाही." काकांनी परत दाखवलं. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा जरा खुलला होता.

त्यानंतर जहाज कंपनीच्या एजंटचा फोन आला. जहाजाशी संपर्क तुटलाय, शोध चालू आहे, काही कळलं की कळवू. एवढं सांगून त्याने फोन ठेवला. काका काकूंना म्हणाले, "संपर्क तुटलाय म्हणजे यंत्र बिघडलं असेल. आपल्या बूथचं किती वेळा बिघडायचं." काकूंनी मान हलवली. दोघांनाही ते पटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. नंबर देशातलाच होता, म्हणून काकांनी उचलला. बाई म्हणाल्या, "माझा मुलगा तुमच्या मुलाच्या हाताखाली होता, भटारखान्यात. तुम्हाला कळलं का काही?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही हो. त्या दिवसाचा फोन तेवढाच." आणि काकांनी "कुठल्या दिवसाचा?" असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वादळात इंजिन बंद पडलं ना, तेव्हा कप्तानाने सगळ्यांना एकेक फोन करू दिला. घरी बोलून घ्या म्हणाला. तुम्हाला आला नाही का?"

काकांनी वळून नकाशाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या फोनवरून?"

"जहाजाच्याच. कप्तानाच्या खोलीतला. उपग्रहावरून लागतो म्हणे, त्याला देशबिश काही नसतो, समुद्रावरचा नंबर. आठ सात शून्य असं काहीतरी सुरुवातीला होतं."

बाई चांगल्या होत्या, आणि काही झालं तरी त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं. त्या सांगत राहिल्या. "माझा मुलगा सांगत होता, तुमचा रांगेत त्याच्या पुढेच उभा होता. सगळे रडकुंडीला आलेले आणि हा हसत होता. म्हणाला, आज बाबा हरणार, हा कोड त्यांना ओळखता येणार नाही. मग लागेना तेव्हा परत लावला, परत लावला. मागचे घाई करायला लागले. तेव्हा बाजूला झाला आणि म्हणाला, नाही उचलणार ते, ओळखीचा कोड नाही ना. माझ्या मुलाला म्हणाला, तू लाव आता, तुझी आई उचलेल." इथे त्या थांबल्या. "मी आपली अडाणी, कोडबिड काय ते मला कळत नाही. कुणाचाही वाजला की उचलते."

काकांनी फोन ठेवला. काकू समोरच उभ्या होत्या. फोनचा आवाज मोठा असतो, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर काकांना बरं वाटलं असतं.

ब्लॉक काढायला काकांचा हात चालेना. सकाळसंध्याकाळ दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट. कुठे दाबायचं ते आठवेना. शेवटी टेलरबाईंनी काढून दिला. त्यांना काही माहीत नव्हतं. "एवढा चोराचा नंबर मोकळा कशाला करताय?" असं त्यांनी विचारलं, आणि मग काकांच्या तोंडाकडे बघून त्यांनी फोन परत त्यांच्या हातात ठेवला. काकांनी आठशे सत्तर लावला. एक यंत्रातली बाई परक्या भाषेत काहीतरी बोलली आणि लाइन गेली. रोज लावला, रोज तीच बाई.

मग त्यांनी कोड वापरायचे तेवढे सगळे वापरले. जहाजावर झेंडा एका देशाचा, जहाजाचा मालक दुसऱ्या देशातला, जिथे पोचायचं होतं ते बंदर तिसऱ्यात. तिन्हीकडे फोन लावले, अडखळत इंग्रजी बोलले. झेंडावाले म्हणाले मालकाला विचारा, मालकाचा माणूस म्हणाला बंदराला विचारा, बंदरावरच्या बाई म्हणाल्या की ते जहाज आमच्याकडे आलंच नाही. हळूहळू शोध थांबला. कुणी थांबवला तेही कळलं नाही. कंपनीने शोक वगैरे कळवला, आणि काकांनी तो मेसेज पुसून टाकला.

दुकान उघडं असतं, अजूनही. लोक येतात. सुरुवातीला टेलरबाई सवयीने फोन घेऊन आल्या होत्या. "काका, हा कुणाचा?"

काकांनी पडद्याकडे बघितलंच नाही. "उचला," ते म्हणाले.

"अहो, आमचं कुणी नाही तिकडे."

"असू दे. उचला तुम्ही."

बाईंनी उचलला, आणि व्हायचं तेच झालं, त्यांना चांगलाच गंडा बसला. तरी त्या काकांना काही बोलल्या नाहीत. पण आता गल्लीतलं कुणी नंबर दाखवायला येत नाही. काकांना बघून रस्ता बदलणारेही आहेत. दुःखाचीही लागण होते असं त्यांना वाटतं की काय, देव जाणे.

काकांचा फोन आता काकूंकडे असतो. मागितला नाही, भांडल्या नाहीत, एका सकाळी काउंटरवरून उचलून नेला आणि पदराखाली ठेवला. दुपारी त्या केबिनमधले खोके बाजूला सारून तिथल्या स्टुलावर बसतात, नकाशाकडे पाठ करून. फोन वाजला की पहिल्या घंटीला उचलतात. नंबर बघत नाहीत.

काल असाच वाजला. पलीकडे कुणी तरणा मुलगा होता. तुम्हाला मोठं बक्षीस लागलंय, फक्त तुमच्या खात्याचा नंबर सांगा, असं पाठ केलेलं भरभर म्हणत होता. काकूंनी त्याला मध्ये तोडलं नाही. त्याचं सगळं बोलून होऊ दिलं. तो दम घ्यायला थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "जेवलास का रे?"

पलीकडे एकदम शांतता झाली. काकू वाट बघत राहिल्या, फोन कानाला तसाच. मग पोराने फोन ठेवला.

काउंटरमागे बसलेल्या काकांना पडद्यावरचे आकडे तिरपे दिसले होते. देश त्यांनी ओळखला होता. काकूंनी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितला नाही.