शिंगणापुरातलं उघडं वायफाय

आमच्या घरातल्या पुरुषांना वायफायमधलं काही कळत नाही, हे सांगायला मला जराही संकोच वाटत नाही. कळत नाही यात गुन्हा नाही. पण कळत नसताना जो माणूस स्टुलावर चढतो आणि खाली उभ्या बाईला "तू फक्त पक्कड दे" म्हणतो, त्याची मला मनापासून चीड येते. आमच्याकडे असे तिघे आहेत: सासरे, नवरा आणि दीर. घरात बाई मी एकटीच, आणि गणितात एम.एस्सी. झालेलं माणूसही मी एकटीच. त्या एम.एस्सी.चा उपयोग तोवर तेलाच्या बाटल्यांची खोकी मोजण्यापलीकडे कोणी करून घेतलेला नव्हता.

आमचं घर शनिशिंगणापुरात, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. पुढे दुकान, मागे घर. दुकानात तेल, काळं कापड, उडीद, रुईच्या पानांच्या माळा. गावच्या रीतीप्रमाणे घराला दारं नाहीत. चौकटी आहेत, चौकटींना पडदे आहेत आणि कुत्री शिरू नयेत म्हणून रात्री एक फळी आडवी लावतात. मी पुणतांब्याची. लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीचे सहा महिने पडदा हलला की मी दचकायचे. नंतर सवय झाली, जशी या घरात बऱ्याच गोष्टींची झाली.

दिरांनी दुकानात वायफाय घेतलं तेव्हा केबलवाल्याने पासवर्ड काय ठेवायचा म्हणून विचारलं होतं. आबा, म्हणजे माझे सासरे, गादीवरूनच म्हणाले, "पासवर्ड म्हंजी कुलूपच की. आमच्या गावात कुलूप लावत न्हाईत. ऱ्हाऊ दे उघडं." केबलवाला हसला आणि गेला. तेव्हापासून आमचं वायफाय गावच्या चावडीसारखं झालं. यात्रेकरू, गाड्यांचे ड्रायव्हर, शेजारच्या दुकानातले गडी, सगळे आमच्या पायरीवर माना खाली घालून बसलेले. दुकानातून कोणी काही घेत नसे. मी त्यांना मनात फुकटे म्हणायचे, कधीकधी मोठ्यानेही. हेच आबा स्वतःच्या मोबाईलला मात्र अंगठ्याचं कुलूप लावतात आणि चुकून कोणाचा हात लागला तर अख्खं घर डोक्यावर घेतात. त्या कुलपाने गावाची रीत कशी मोडत नाही, हे मी एकदा विचारलं होतं. "ते येगळं," एवढंच उत्तर मिळालं.

मला नोकरी मिळवायची होती. ऑनलाइन गणित शिकवणारी एक कंपनी, दुपारी दोन तास, घरात बसून. लग्नाआधी मी शाळेत शिकवायचे. नंतर सहा वर्षं फळ्याला हात लागला नव्हता आणि आपल्याला अजून शिकवता येतं का, याची मलाच धास्ती वाटायला लागली होती. निवडीसाठी एका मुलीला पाऊण तास शिकवून दाखवायचं, दोन परीक्षक बघणार. माझ्याकडे लॅपटॉप नाही. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवायचा आणि मागे पांढरा फळा. पहिल्या वेळी मी सात मिनिटं अपूर्णांक समजावत होते आणि समोरच्या मुलीचा चेहरा जांभई देताना गोठलेला होता. दुसऱ्या वेळी तर नमस्कार म्हणतानाच सगळं बंद पडलं. मग कंपनीतल्या बाईंचा फार गोड शब्दांत निरोप आला: तिसरी संधी शेवटची, शनिवारी सकाळी अकरा वाजता.

त्या शनिवारी अमावस्या होती. शनी अमावस्येला आमच्या गावात काय होतं हे कंपनीतल्या बाईंना कसं सांगणार? त्यांना फक्त शनिवार दिसत होता. त्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि एवढे मोबाईल एका ठिकाणी आले की मोबाईलच्या नेटवर काही हलत नाही, साधा फोनही लागत नाही. म्हणजे उरलं आमचं वायफाय. मी म्हटलं, सोनईला मैत्रिणीकडे जाऊन बसते. आबा म्हणाले, "आमुशाच्या दिशी दुकान सोडून? तासभर मागं बस, काय ते शिकीव, आन् परत दुकानात ये." एवढी परवानगीसुद्धा मोठ्या मनाने दिल्यासारखी दिली.

गुरुवारी नवऱ्याने प्रश्न हातात घेतला. मागच्या खोलीत माझ्या मोबाईलवर वायफायची जेमतेम एक काडी दिसत होती. त्याने चौकटीत उभं राहून बराच विचार केला आणि म्हणाला, "मला कळलं. आपल्या घराला दारं न्हाईत ना, म्हंजी सिग्नल आत ठरतच न्हाई. निघून जातो बाहेर."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. तो करत नव्हता. त्याने चार गोधड्या काढल्या आणि घरातल्या सगळ्या चौकटींना टांगल्या, सिग्नल कोंडून ठेवायला. गंमत म्हणजे आबांना हे पटलं. गोधडी म्हणजे काही दार नव्हे, त्यामुळे रीतीला धक्का नव्हता. एवढ्यावर न थांबता नवऱ्याने पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद दुकानातल्या राऊटरच्या मागे पंख्यासारखा लावला. कागदाचं तोंड रस्त्याकडे होतं. म्हणजे जो थोडाफार सिग्नल माझ्याकडे यायचा, तोही आता पायरीवरच्या फुकट्यांकडे वळला असणार. मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच हाय."

शुक्रवारी दिरांची पाळी. त्यांच्या मते उंची महत्त्वाची. टॉवर उंच असतो, म्हणून राऊटरही उंच हवा. त्यांनी तो दुकानाच्या पत्र्याला लागून बांधला, जिथे दुपारी हात लावला तर चटका बसतो. अर्ध्या तासात राऊटर तापून बंद पडला. मग ओला फडका घेऊन वर चढले, तेव्हा मी मेन स्विच बंद केला, नाहीतर घरात दुसरंच काही ऐकायची वेळ आली असती. संध्याकाळी आबांनी राऊटर खाली जुन्या जागी आणून त्याला लिंबू-मिरची बांधली. "लई लोकांची नजर हाय त्याच्यावर," म्हणाले. दोन दिवसांत घरात बोललं गेलेलं खऱ्याच्या जवळचं वाक्य ते एकच, आणि तेही त्यांना कळलेलं नव्हतं.

कारण मला तोवर खरी भानगड कळली होती. मी मोबाईल हातात घेऊन घरभर फिरले होते. चौकटीतल्या गोधड्या काढल्या आणि डबा मधल्या चौकटीजवळ ठेवला की तीन काड्या यायच्या. पहाटे पाच वाजता तिथे व्हिडिओ न अडकता चालायचा. नऊ वाजता त्याच जागी, त्याच तीन काड्यांवर, काही हलत नसे. मधल्या वेळात भिंत जाड झालेली नव्हती. पायरी भरलेली होती, एवढाच फरक. शुक्रवारी केबलवाल्याला फोन केला तर तोही हेच म्हणाला, "वहिनी, पन्नास जण लोंबकाळत्यात त्याला. पासवर्ड टाका की." मी आबांकडे बघितलं. आबांनी फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "आमच्या चार पिढ्या कुलपाशिवाय गेल्या. तुमच्या तासासाठी मोडू व्हय?"

माझ्या तासासाठी काही मोडायचं नसतं, हे मला ठाऊक होतंच. म्हणून मी परत विचारलं नाही.

शनिवारी सकाळी दुकानात तिघेही गुंतलेले. गर्दी अशी की समोरचं दुकान दिसत नव्हतं. साडेदहाच्या सुमाराला मी मागच्या खोलीत मोबाईलवर राऊटरचं पान उघडलं. त्याच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा आकडा मी कधीच उतरवून ठेवला होता. पासवर्ड टाकला, ठीक आहे म्हटलं आणि पडदा बाजूला करून दुकानातून पलीकडे पाहिलं. पायरीवरच्या सगळ्या माना एकदम वर आल्या. एकाने मोबाईल झटकला. दुसऱ्याने हात उंच करून धरला. मला इतकं हसू आलं की तोंडावर पदर धरावा लागला. आबा कोणाला तरी सांगत होते, "नेट गेलंय, केबलवाल्याकडूनच गेलंय," आणि ते अगदी मनापासून सांगत होते.

तास उत्तम झाला. एकदाही अडकला नाही. सहावीतली मुलगी दोन वेळा खळखळून हसली आणि शेवटी तिने स्वतःहून एक गणित मला घातलं. नोकरी मला मिळाली, संध्याकाळीच निरोप आला. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सांगितल्यावर त्याचा आनंद सांगायला तोंड राहणार नाही.

पावणेबाराला मी बाहेर आले. फुशारकीनेच आले. पायरीवरचे बरेच जण उठून गेले होते. कडेला, रुईच्या माळांच्या टोपलीशी, एक म्हातारी जमिनीवर बसली होती. दोन्ही हातांच्या ओंजळीत मोबाईल धरलेला. डोळे लाल झालेले. मला बघून म्हणाली, "माय, इथलं नेट कधी येईल व?"

मी विचारलं, नेट कशाला हवंय आजी?

ती बीडकडची. दर शनी अमावस्येला मुलासोबत जीपने यायची. गाड्या लावायची जागा गावाबाहेर लांब, तिथे रेंज असते आणि देवळाजवळ नसते. म्हणून मायलेकरांचं ठरलेलं होतं की दर्शन झालं की तिने आमच्या पायरीवर येऊन बसायचं. तिचा मोबाईल आपोआप आमच्या वायफायला लागायचा. मुलगा गाडीपाशी जाऊन नेटवरूनच फोन करायचा आणि कुठल्या बाजूने यायचं ते सांगायचा. कितीतरी वेळा असंच झालं होतं. आज ती साडेदहापासून बसली होती आणि फोन आला नव्हता.

"शेजारची बाई म्हणली, गेला आसंल सोडून," ती म्हणाली. "देवाच्या दारी म्हाताऱ्यायला सोडून जातेत म्हनं लोक. म्या म्हनलं, माजं लेकरू तसलं न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पर घरी निघताना सूनबाई काय तरी बोलली व्हती त्याला. तवापासून त्यो गप गपच व्हता."

सव्वा तास ती बाई हा हिशेब करत बसली होती. मी आत समच्छेद अपूर्णांक शिकवत होते तेव्हा.

तिच्या हातातून मोबाईल घेतला. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. आलेल्या निरोपांची रांगच लागली आणि ती संपायच्या आत फोन वाजला. मुलगा पलीकडून ओरडतच होता, आये, कुठं हायेस, फोन का लागंना, दोनदा देवळापर्यंत येऊन गेलो, गर्दीत ते दुकानच सापडंना. म्हातारी आधी रडली आणि मग त्यालाच शिव्या द्यायला लागली.

आबांना हे सगळं माहीत होतं आणि म्हणून त्यांनी वायफाय उघडं ठेवलं होतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांना काही माहीत नव्हतं. ते नुसते हट्टी आहेत. पण त्यांच्या हट्टाने त्या बाईचं आजवर काही बिघडलं नव्हतं, आणि माझ्या शहाणपणाने बिघडलं.

फोन ठेवून म्हातारीने विचारलं, "आता कसं काय आलं ग नेट?"

"गर्दी कमी झाली ना," मी म्हटलं.

गर्दी तसूभरही कमी झालेली नव्हती. तिला ते समोर दिसत होतं, पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "तू देवासारखी आलीस माय. तुजं समदं चांगलं व्हईल." मी खाली वाकून तिच्या पाया पडले.

पुढच्या आठवड्यात मी राऊटरवर दोन वायफाय केली. एक माझ्या तासांसाठी, पासवर्डचं. दुसरं पाहुण्यांसाठी, उघडं, त्याला लागेल तेवढंच नेट ठरवून दिलेलं. घरात कोणाला पत्ताही लागला नाही. नवरा अजून गोधड्यांचा गुण सांगतो. सगळ्या कामाला दहा मिनिटं लागली. पाहुण्यांसाठीची ती सोय शनिवारी सकाळीही त्याच पानावर, पासवर्डच्या बरोबर खाली होती. मी ती वाचली होती. अकराला अजून अर्धा तास होता, पण पायरीवरच्यांसाठी दहा मिनिटं कशाला घालवायची, असं मला वाटलं.